उलटलेलं तळं

तक्रारीचा अर्ज माझ्या अक्षरात आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी दाखवून देण्यापेक्षा आपणच कबूल केलेलं बरं. आमच्या बचत गटात अकरा बायका, त्यांत बारावी झालेली मी एकटी, म्हणून सचिव मी. अध्यक्ष आमच्या सासूबाई, छबुबाई. घरातही त्याच अध्यक्ष, त्यामुळे सभेला मला फार लांब जावं लागत नाही.

आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडे, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. आमच्या गल्लीतले आसाराममामा आणि त्यांची बायको सुभद्राबाई तीस वर्षं अशीच जात होती. यंदा गटाने शेततळ्यात मासे सोडले आणि राखणीला आसाराममामांना ठेवलं. त्यांनी कोयता आढ्याला खोचून ठेवला. सुभद्राबाईंनी दारापुढे मेथी टाकली, कारण ती खुडायला यंदा त्या घरी असणार होत्या.

आता माशांना खायला घालायची पाळी ठरलेली होती. रोज एकीने यायचं, पाटोद्याहून आणलेलं खाद्य मापाने टाकायचं. पण मुक्या जिवाला खाऊ घालताना माप कोण बघतं? ज्या बाईची पाळी नाही तीही शेतात जाताना कालची भाकरी कुस्करून टाके. कुणी भात, कुणी पेंड, कुणी डाळीचा चुरा. चतुर्थीला लिंबागणेशहून परतणाऱ्यांनी तर प्रसादाचे मोदक टाकले. आमच्याकडे पाहुणा नको नको म्हणत असला तरी पानात वाढत राहायचं असतं, आणि मासे काही नको म्हणत नव्हते. आसाराममामा एकदा म्हणाले, "वैष्णवी, लई होतंय बरं का." मी म्हणाले, "खाऊ द्या की मामा, वाढती पोरं हायत."

पौषात आठ दिवस ढगाळ हवा होती. मग एका रात्रीत आभाळ उघडलं आणि हाडं वाजतील अशी थंडी पडली. सकाळी दिवस उगवायच्या आधी आसाराममामा आमच्या दारात उभे. त्यांनी नुसतं तळ्याकडे बोट दाखवलं. आम्ही तळ्यावर गेलो तर पाणी काळपट झालेलं, नासक्या अंड्यांचा वास सुटलेला, आणि एकूण एक मासा पोट वर करून तरंगत होता.

तिथेच बांधावर अर्जुनराव आले. आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांची जमीन, त्यात त्यांचं स्वतःचं मोठं शेततळं. आमचं बघून त्यांनीही मासे सोडले होते आणि आमच्यापेक्षा जास्त खाऊ घालत होते, कारण अर्जुनराव कशातच मागे राहत नाहीत. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काल दिवस मावळताना आसाराम हितं फवारणीचा पंप धूत होता. मी डोळ्यानं बघितलं."

मामांनी नाकारलं नाही. "धुतला, मालक. हरभऱ्यावर औषध मारलं हुतं. पर बादलीत धुतला, अन् बादली तिकडं बाभळीत वतली."

बादली कुणी पाहिली नव्हती. मेलेले मासे सगळ्यांनी पाहिले होते.

आमच्याकडे अशा वेळी बेल उचलायला सांगतात. कपिलधारला जायचं, महादेवाच्या पिंडीवरचा बेल हातात घ्यायचा आणि म्हणायचं, हे मी केलं नाही. मग गाव पुन्हा तोंड उघडत नाही. खोटारडे लोकही बेल उचलून मोकळे झालेले मी पाहिलेत. आसाराममामा तयार झाले नाहीत. म्हणाले, "मी इष टाकलं न्हाई. पर पंप निथळताना एखादा थेंब उडाला असंल तर? मला कुठं दिसतंय? देवापुढं न्हाई म्हणून कसं सांगू?"

इतकं खरं बोलणारा माणूस आमच्या गावाला झेपला नाही. बेल उचलत नाही म्हणजे यानेच केलं, असं ठरलं. ठाण्यात द्यायचा अर्ज मी लिहिला, चांगला रेघा मारून. सासूबाई म्हणाल्या, सोमवारी मारुतीच्या पारावर सभा घेऊ आणि मग देऊ. मामांनी तेवढीही वाट पाहिली नाही. त्यांनी मुकादमाला फोन केला. सभेनंतरच्या गुरुवारी सकाळी टेम्पो येणार होता, मागे राहिलेल्यांना कारखान्यावर न्यायला. सुभद्राबाई मला पाणंदीत भेटल्या तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, पण सांगितलं, "जातूत आमी. ह्ये म्हणत्यात, पुन्यांदा गावात पाय ठेवायचा न्हाई." मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, राग होता.

शनिवारी त्यांची मुलगी राजनंदिनी आली. आईबाप फडात असताना ती पाटोद्याच्या वसतिगृहात राहून शिकली आणि आता गोव्याला समुद्राचा अभ्यास करते. मागच्या वर्षी जहाजातून थेट दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन आली. ती नेमकं काय करते ते गावात कुणाला सांगता येत नसे. सासूबाई "बोटीवर कामाला हाय" एवढंच सांगून विषय संपवत. ती आमच्या ओसरीवर आली तेव्हा मला वाटलं आता भांडण, म्हणून मी आधीच पदर खोचला होता.

तिने विचारलं, "वहिनी, त्या सकाळी वास कसला होता?"

मी सांगितलं. मग म्हणाली, "माशांना काय काय घालत होता?" मी भाकरीपासून मोदकापर्यंत सगळं सांगितलं, थोड्या अभिमानानेच सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले.

"तुमचं तळं उलटलं, वहिनी," ती म्हणाली. "वरचं पाणी उन्हानं कोमट होतं, ते हलकं, म्हणून वरच राहतं. खालचं थंड अन् जड. दोन्ही मिसळत न्हाईत. तुमी टाकलेलं सगळं तळाला जाऊन कुजलं, अन् कुजताना तिथल्या पाण्यातली हवा संपली. त्या रात्री थंडी पडली तसं वरचं पाणी खालच्याइतकं गार झालं. गार झालं तसं जड झालं, खाली गेलं अन् तळाचं नासकं पाणी वर आलं. माशांना श्वासच घेता आला न्हाई."

मी हसले. मला वाटलं बापाला वाचवायला पोरीने शिकलेली गोष्ट रचली. ती चिडली नाही. म्हणाली, "चला, अर्जुनरावांच्या तळ्यावर जाऊ. त्यांचं खोल हाय अन् आंब्यांच्या आडोशाला हाय, ते अजून उलटलेलं न्हाई."

अर्जुनरावांनी परवानगी हसत दिली. "बघ की. माझ्या तळ्यात कोण इष टाकतंय?" हे त्यांचं वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवलं.

राजनंदिनीने गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन घेतला, त्याला दगड बांधला, तोंडाला लाकडी बूच आणि बुचाला वेगळी दोरी. दर तीन फुटांवर गाठ मारलेल्या सोलाने, म्हणजे विहिरीच्या जाड दोराने, कॅन तळापर्यंत सोडला आणि मग बुचाची दोरी ओढली. म्हणाली, जहाजावरही हेच करतात, फक्त सोल कित्येक किलोमीटरचा असतो. वर आलेल्या पाण्यात तिने काचेची नळी बुडवून अंश वाचले. वरचं पाणी साडेवीस, तळाचं साडेएकोणीस. "एकाच अंशाचा फरक उरलाय," ती म्हणाली आणि मोबाइलवर हवामान बघू लागली. मी कॅनच्या तोंडाशी नाक नेलं आणि मागे सरले. तोच वास, त्या सकाळचा. आणि या तळ्याजवळ मामा कधी फिरकलेच नव्हते.

घरी येऊन मी चहा टाकला. माझ्यात काहीतरी हललं होतं आणि ते लपवायला मी बोलत सुटले. विचारलं, "मग समुद्र पण असाच उलटतो का गं?"

ती ध्रुवाबद्दल सांगायला लागली आणि तिचा चेहराच बदलला. "तिथं हिवाळ्यात समुद्र गोठतो. बर्फात मीठ फारसं जात न्हाई, ते खालच्या पाण्यात राहतं. ते पाणी थंडही अन् खारटही, दोन्हीनं जड. सरळ तळाला जातं, चार-चार किलोमीटर. अन् तळानं चालत निघतं, साऱ्या महासागरांच्या खालून. इतकं सावकाश की पुन्हा ऊन बघायला त्याला शेकडो वर्षं लागतात, कधी हजारसुद्धा. आमी वर काढलेल्या पाण्यात असं पाणी होतं की ते बुडालं तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य सुरूसुद्धा झालं नव्हतं."

"अन् वर कसं येतं? थंडीनंच?"

"न्हाई, तिथं ते काम मुख्य वारा करतो. दक्षिण ध्रुवाभोवती पश्चिमेचा वारा बारा महिने वाहतो, अडवायला मधे जमीनच न्हाई. तो वरचं पाणी बाजूला लोटतो अन् ती जागा भरायला खोलातलं जुनं पाणी वर येतं. त्याच्यासंगं शेकडो वर्षांचं साठलेलं खत येतं, म्हणून तिथल्या समुद्रात एवढे जीव जगतात. साठलेला वायूही येतो. अन् दुसऱ्या अंगाला बुडणारं पाणी जगाची उष्णता अन् कोळशा-पेट्रोलचा धूर खाली घेऊन जातं. ही येजा मंदावली तर उष्णता वरच साठंल. मग कुठं पाऊस पडायचा, कुठं न्हाई, सगळीकडचं बदलंल. आपल्या बीडचंसुद्धा."

मी ऐकत होते, पण मला एक गोष्ट टोचत होती. "आमच्या तळाचं पाणी वर आलं तर मासे मेले. तिथं वर येतं तर जगतात. आसं कावून?"

"कारण समुद्राच्या तळाला हवा हाय, वहिनी. बुडण्याआधी ते पाणी ध्रुवाजवळ उघड्यावर असतं, तिथं हवा पिऊन घेतं, अन् मग खाली जातं. साऱ्या खोल समुद्राला तिथूनच श्वास मिळतो. तुमच्या तळ्याच्या तळाला हवा मिळालीच न्हाई."

मी चहा गार करायला या भांड्यातून त्या भांड्यात ओतत होते. तीनदा ओतला आणि थांबले. "मग त्या नासक्या पाण्याला आपणच श्वास दिला तर?"

राजनंदिनी माझ्या हाताकडे बघत राहिली. तिने चहा घेतलाच नाही. उठली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "सोमवारी दोन घागरी आणा."

सोमवारी पारावर सगळं उरलेलं गाव जमलं. मामा एका कडेला खाली मान घालून बसले होते. राजनंदिनीने अर्जुनरावांच्या तळ्याच्या तळाचं पाणी सकाळीच काढून एका मोठ्या टपात झाकून ठेवलं होतं. झाकण उघडलं आणि बायकांनी पदर नाकाला लावले.

"हा वास ओळखीचा हाय का?" तिने विचारलं.

सासूबाई पुढे आल्या, वाकल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "त्याच सकाळचा हाय."

"हे पाणी अर्जुनकाकांच्या तळ्याचं. परवाच ते म्हणाले, माझ्या तळ्यात कोण इष टाकतंय," राजनंदिनी म्हणाली. मी सचिव म्हणून उभी राहिले आणि सांगितलं की हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मग तिने अर्जुनरावांच्याच तळ्यातला एक जिवंत रोहू त्या टपात सोडला. तो लगेच वर आला, तोंड उघडून आ करू लागला आणि थोड्या वेळाने कलंडला. तिने त्याला झटकन उचलून साध्या पाण्यात टाकलं. नंतर बापाला हाक मारली. "दादा, उठा. हे टपातलं पाणी या घागरीतून त्या घागरीत ओता, उंचावरून. मी बास म्हणेपर्यंत."

मामा उठेनात. सुभद्राबाईंनी त्यांच्या पाठीला हात लावला तेव्हा उठले. ज्या हातांनी तीस वर्षं उसाच्या मोळ्या ट्रकवर चढवल्या त्या हातांना घागरीचं काय? ते ओतत राहिले. पन्नासदा, साठदा. पाणी फेसाळून पडत होतं आणि हळूहळू वास कमी होत गेला. शेवटी पाणी टपात ओतलं, तोच रोहू त्यात सोडला, आणि तो शेपटी हलवत टपाच्या कडेने फिरू लागला. पोरं पुढे घुसली. कुणीतरी म्हणालं, "आरं, चांगला फिरतुय की."

अर्जुनराव हार मानणारे नाहीत. "इषबी उडून गेलं असंल ओतून ओतून," ते म्हणाले.

"मग तेही बघू," राजनंदिनी म्हणाली. "कुणाच्या घरी तेच औषध हाय?" ते अर्जुनरावांच्याच घरी होतं. दुसऱ्या टपात विहिरीचं चांगलं पाणी घेऊन त्यात थोडं औषध टाकलं. हातमोजे घालून या खेपेला अर्जुनरावांनी स्वतः ओतलं, तितक्याच वेळा, घामाघूम होऊन. दुसरा मासा सोडला. तो आधी सैरभैर पळाला, मग वाकडा झाला, आणि पारावर चहा फिरेपर्यंत मेला. राजनंदिनीला त्याचं वाईट वाटलं, ते तिने बोलूनही दाखवलं. पण आता प्रत्येकाने दोन टप शेजारी शेजारी पाहिले होते. विष ओतून जात नाही. आमच्या माशांना विषाने नाही, आमच्या भाकरीने मारलं होतं.

मी अर्ज फाडला. आधी मोठ्याने म्हणाले, "हा मी लिहिला होता, अन् मासे बी मीच मारलेत, मोदक घालून." सासूबाई म्हणाल्या, "एकटी मोठेपणा घिऊ नको, मोदक माझे होते." लोक हसले. मग त्या मामांसमोर गेल्या आणि सगळ्या गावासमोर हात जोडले. त्यांना हात जोडताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

तरीही मामांच्या चेहऱ्यावरचं ओझं पुरतं उतरलं नव्हतं. त्यांनी अर्जुनरावांना विचारलं, "मालक, तुमी बघितलंत ना मला? येक सांगा. बादली हुती का न्हवती? मला माझीच खातरी राहिली न्हाई."

अर्जुनराव टपाजवळ येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "हुती. बादलीतच धूत हुतास. मी सांगितलं न्हाई. माझ्या तळ्याशेजारी तुमी मासे केले, मला पटलं नव्हतं." आणि त्यांनी स्वतःची टोपी काढून हातात धरली. मामांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"आता तुमचं तळं बघू, काका," राजनंदिनी म्हणाली. "बुधवारी रात्री थंडी सात अंशांवर उतरणार हाय. एक अंशाचा फरक उरलाय. काही केलं न्हाई तर गुरुवारी सकाळी तुमचेही मासे तरंगतील."

अर्जुनरावांनी मामांकडे पाहिलं. तळ्याची राखण कशी करायची हे गावात एकालाच माहीत होतं, आणि त्याच्यावर खोटा आळ घालणारे ते स्वतः होते. त्यांना विचारावं लागलंच नाही. मामा म्हणाले, "मोटार कुठं हाय, मालक?"

तीन दिवस मामा तळ्यावर होते. मोटारीचा पाइप तळाशी सोडायचा, नासकं पाणी वर ओढून हवेत उडवायचं, पुन्हा तळ्यातच पडू द्यायचं. एकदम नाही, थोडं थोडं, राजनंदिनीने लिहून दिलं तसं. खाद्य बंद. सासूबाई स्वतः बांधावर काठी घेऊन बसल्या, कुणी भाकरी टाकू नये म्हणून. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा समजावून सांगत. ध्रुवाजवळ पाणी कसं जड होतं, कसं हवा पिऊन बुडतं, वारा त्याला कसं वर काढतो. अर्जुनराव मधे काहीतरी बोलले तेव्हा मामांनी त्यांना थांबवलं. "तसं न्हाई, मालक. आदी मीठ बाजूला पडतं, मंग पाणी बुडतं." आणि अर्जुनरावांनी मान डोलावली.

गुरुवारी पहाटे थंडी खरोखर सातावर उतरली. दिवस उगवला तेव्हा आम्ही अकराही बायका बांधावर होतो. पाण्यावर वाफ होती, काही दिसत नव्हतं. मामांनी खाली उतरून पाण्यात हात घातला, वास घेतला. मग वाफ विरली. अख्ख्या तळ्यावर मासे उड्या मारत होते. मेलेला एकही नव्हता. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंचा हात धरून नाचले, आणि त्यांनीही धरू दिला.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला आणि मुकादमाने हॉर्न मारला. "आसाराम, चल, उशीर हुतोय."

आम्ही बायका सगळ्या एकदम बोलणार होतो. मामांनी हात वर केला आणि आम्हाला गप्प केलं. ते बांधावर चढले, पाठ ताठ केली, आणि सगळ्या शिवारात ऐकू जाईल असं बोलले.

"जा तुमी. मी येत न्हाई. दोन तळी हायत माझ्याकडं."